वैतरणेच्या काठचं धुकं

इगतपुरीत आषाढ लागला की धुकं थेट घरात शिरतं. मिठाला पाणी सुटतं, काडेपेटीतली काडी तीनदा ओढावी लागते, दोरीवरचे कपडे चौथ्या दिवशीही दमटच असतात. लहानपणी आमच्या रेल्वे क्वार्टरच्या पायरीवर उभं राहिलं तर समोरची चाळ दिसायची नाही, पण तिच्यातलं सगळं ऐकू यायचं. कुकरची शिट्टी, कुणाचा तरी खोकला, रेडिओ. रात्री दोन-अडीचला ड्युटीचं बोलावणं घेऊन रेल्वेचा कॉल बॉय यायचा. आधी बॅटरीचा पिवळा ठिपका दिसायचा, मग दारावर थाप. बाबा डबा आणि पेटी घेऊन त्या ठिपक्यामागून चालू लागायचे आणि दहा पावलांवर दिसेनासे व्हायचे. आई तरीही दारात उभी असायची. बाबा दिसत नाहीत हे मला कळायचं, पण आई आत का येत नाही हे कळायचं नाही.

बाबा बँकरवर ड्रायव्हर होते. कसाऱ्याहून इगतपुरीला येताना घाटाचा चढ 37 ला 1 आहे, म्हणजे 37 फूट पुढं गेलं की एक फूट वर. पुढच्या इंजिनाला हे ओझं एकट्यानं झेपत नाही. म्हणून कसाऱ्याला गाडीच्या शेपटीला जादा इंजिनं जोडतात. ती मागून ढकलत गाडी वर आणतात आणि इगतपुरीत सुटी होऊन पुन्हा खाली जातात. ही इंजिनं म्हणजे बँकर. मुंबईहून निघालेला माणूस खिडकीतून धबधबे बघत असतो, भजी खात असतो. आपल्याला मागून कुणी ढकलतंय हे त्याच्या गावीही नसतं.

आमच्या घरात एक गोष्ट मोठ्या अभिमानानं सांगितली जायची. ‘मधुमती’तलं धुकं आपलं आहे. दूरदर्शनवर तो सिनेमा लागला की बाबा ड्युटीवर नसले तर खुर्ची पुढं ओढून बसायचे आणि जंगल आलं की आईला हाक मारायचे, ‘अगं ये, आपलं गाव लागलंय.’ मला वाटायचं, बाबा आईला खूश करण्यासाठी सांगतात. पडद्यावर तर पाइनची झाडं होती, डोंगर हिमालयातले होते. इगतपुरीत पाइन कुठून येणार?

बाबा खरं सांगत होते. ‘मधुमती’चे दिग्दर्शक बिमल रॉय यांचं युनिट कुमाऊँत गेलं होतं, नैनितालजवळ घोडाखाल, राणीखेत या भागात. परत येऊन रिळं धुतली तेव्हा कळलं की त्यातलं बरंचसं फॉग झालंय. कच्च्या फिल्मवर नको तिथं प्रकाश शिरला की चित्र धुरकटतं, त्याला त्या धंद्यात फॉग होणंच म्हणतात. इतक्या लांब पुन्हा सगळा लवाजमा नेणं शक्य नव्हतं. मग नाशिकच्या या बाजूला, वैतरणा-इगतपुरीच्या परिसरात जागा हेरली. कलादिग्दर्शक सुधेंदू रॉय यांनी खोटी पाइनची झाडं उभी केली आणि कुमाऊँतल्या दृश्यांशी जुळेल असं धुकं गॅसचे बॉम्ब फोडून तयार केलं. थोडा भाग मुंबईत आरे कॉलनीतही झाला. जंगलात दिलीपकुमार वैजयंतीमालाला शोधत फिरतो तो प्रसंग इगतपुरीतला.

हे समजल्यापासून मी तो सिनेमा साधेपणानं पाहू शकत नाही. गतजन्माची गोष्ट सांगणाऱ्या चित्रपटाचं स्वतःचंच एक शरीर नासलं आणि त्याला दुसरीकडे पुन्हा जन्म घ्यावा लागला. प्रेक्षकाला त्यातला सांधा दिसत नाही. दिलीपकुमारचा आनंद एका जंगलात शिरतो आणि शेकडो कोसांवरच्या दुसऱ्याच जंगलात पोचतो. धुकं मध्ये उभं असतं आणि दोन्ही ठिकाणांना एकच नाव देऊन टाकतं.

आणि नदी कुठली, तर वैतरणा! त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावणारी आमची ही नदी तशी मवाळ आहे. पण तिचं नाव यमाच्या दारातल्या नदीशी जोडलेलं. घरात कुणी गेलं की दहा दिवस गरुडपुराण वाचतात, त्यात ती वैतरणी येते, गायीचं शेपूट धरून पार करायची. मेलेल्या प्रेयसीला धुक्यात शोधण्याचा प्रसंग पुन्हा चित्रित करायला बिमलदांच्या माणसांना जागा मिळाली ती तिच्या काठाजवळ. हे कुणी ठरवून केलं नव्हतं. ठरवून केलं असतं तर मला त्याचं एवढं काही वाटलं नसतं.

गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, तरी तिचा एक धागा मला इथं उलगडायचा आहे. वादळी रात्री देवेंद्र स्टेशनवर बायको-मुलाला आणायला निघालाय. दरड कोसळून रस्ता बंद होतो आणि तो एका ओसाड हवेलीत आसरा घेतो. तिथं भिंतीवरच्या एका जुन्या चित्रानं त्याची आठवण जागी होते, ते चित्र त्यानंच मागच्या जन्मी काढलेलं. तेव्हा तो आनंद होता, श्यामनगरच्या लाकडाच्या इस्टेटीवर आलेला मॅनेजर. डोंगरातली मधुमती, तिच्यावर डोळा असलेला राजा उग्रनारायण, हवेलीत तिचा झालेला अंत. मग हुबेहूब तिच्याच चेहऱ्याची माधवी भेटते. उग्रनारायणाच्या तोंडून गुन्हा वदवून घ्यायचा म्हणून आनंद माधवीला मधुमतीचं सोंग घेऊन यायला सांगतो. ती येते, प्रश्न विचारते, राजा कबूल करतो, पोलीस त्याला नेतात. आणि त्यानंतर खरी माधवी धापा टाकत दारात येते. तिला उशीर झालेला असतो.

मग आधी आली ती कोण?

या एका क्षणासाठी मी हा सिनेमा कितीही वेळा पाहीन. भुतासारखं काही घडत नाही. पांढरी साडी हवेत तरंगत नाही, दार आपोआप करकरत नाही. एक बाई आली, बोलली, आणि ती आपल्याला वाटली ती बाई नव्हती, एवढंच. चमत्कार आपल्या नाकासमोर होऊन गेलेला असतो आणि आपल्याला तो उशिरा कळतो. लॅटिन अमेरिकेतल्या लेखकांमुळे ज्याला आपण जादुई वास्तववाद म्हणायला लागलो, त्याचं मर्म मला इथंच सापडतं. त्यात अद्भुताला वेगळी हाक नसते. ते व्यवहारातल्या माणसासारखं दारातून येतं.

ही कथा ऋत्विक घटक यांची. घटकांचा जन्म ढाक्याचा, 1925 चा. बिमल रॉयही मूळचे ढाका जिल्ह्यातलेच. 1947 नंतर ती सगळी भूमी परक्या देशात गेली. घटक पुढं आपल्या चित्रपटांतून पुन्हा पुन्हा फाळणीकडे वळत राहिले. ‘मधुमती’ हा त्यांनी मुंबईत पोटासाठी लिहिलेला प्रेमपट म्हणून बाजूला ठेवला जातो. मला ते पटत नाही. ज्या माणसांचं गाव, नदी, अंगण याच आयुष्यात ‘मागच्या जन्मातलं’ झालं, त्यांनीच हे लिहिलं आणि चित्रित केलं. एका ओसाड वाड्यात शिरल्यावर ‘मी इथं राहिलोय’ असं वाटणं त्यांना कल्पनेनं रचावं लागलं नसणार. ‘मधुमती’ आला त्याच 1958 साली घटकांचा ‘अजांत्रिक’ही आला. त्यात एका ड्रायव्हरचं आपल्या खटारा मोटारीवर माणसासारखं प्रेम असतं. निवृत्त झालेल्या दिवशी इंजिनाच्या लोखंडी दांड्यावर हात ठेवून गप्प उभ्या राहिलेल्या माझ्या बाबांना त्याचं नवल वाटलं नसतं.

एका गोष्टीवर मात्र माझा या चित्रपटाशी वाद आहे. शेवटी पावसातून सगळे स्टेशनवर पोचतात, गाडीतून देवेंद्रची बायको राधा बाळाला घेऊन सुखरूप उतरते, चेहरा तोच. देवेंद्रला सगळं आठवतंय. राधाला काय आठवतं, हे कुणी विचारत नाही. तिचा छळ झाला, ती मेली, तिचा आत्मा न्यायासाठी भटकत राहिला, आणि नव्या जन्मात या सगळ्याची आठवण त्याच्या वाट्याला आली! आमच्याकडे नेमकं उलट असतं. जन्मांचा हिशोब बाई ठेवते. ज्येष्ठात वडाला सूत गुंडाळून सात जन्मांची मागणी तीच करते, पुरुष त्या दिवशी कामावर गेलेला असतो. यार्डाजवळच्या वडाला आई दरवर्षी सूत गुंडाळायची. मी एकदा तिला विचारलं, नेमकं काय मागतेस? म्हणाली, ‘हेच मिळू देत म्हणते. फक्त नाइट ड्युटी नको.’

आपल्या भाषेत याला ऋणानुबंध असा शब्द आहे आणि तो मला पुनर्जन्मापेक्षा जास्त खरा वाटतो. ऋण म्हणजे देणं. मागचं काहीतरी फेडायचं राहिलंय म्हणून माणसं पुन्हा भेटतात. स्टेशनवर अनोळखी बाईनं प्यायला पाणी दिलं तरी आजी म्हणायची, काहीतरी ऋणानुबंध असतील. त्यासाठी आठवण लागत नाही, चेहराही ओळखीचा असावा लागत नाही.

आई गेली ती हिवाळ्यात. दहावं नाशिकला रामकुंडावर झालं. पिंड मांडले आणि कावळ्याची वाट पाहत आम्ही उभे राहिलो. कावळे आजूबाजूला भरपूर होते, कठड्यावर बसून बघत होते, पण एकही पिंडाला शिवेना. मग सुरू झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलेलं. मावशी पुढं झाली आणि म्हणाली, लेकीचं बाळंतपण मी करीन, काळजी करू नकोस. कावळा हलला नाही. काका म्हणाले, घराची वाटणी होणार नाही. काहीच नाही. गुरुजींनी घड्याळ पाहिलं, कुणीतरी दर्भाचा कावळा करायची गोष्ट काढली. तेव्हा बाबा, जे दहा दिवसांत धड बोलले नव्हते, दोन पावलं पुढं आले आणि कुणाकडे न बघता, नेहमीच्या आवाजात म्हणाले, ‘गोळ्या वेळेवर घेईन.’

कावळा उतरला.

आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं आणि कुणाला आश्चर्य वाटलं नाही. मावशीनं डोळे पुसले, काकांनी गुरुजींना दक्षिणा दिली आणि परतीची गाडी कितीची यावर बोलणं सुरू झालं. आईला बाबांच्या गोळ्यांची चिंता होती हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. रक्तदाबाची सकाळी, साखरेची जेवणाआधी, एक रात्री नऊची. तीस वर्षं त्या गोळ्या तिनंच वाटीत काढून ठेवल्या होत्या.

या घटनेनंतर वर्षभरानं मी थायलंडच्या अपिचातपोंग वीरासेथकुल यांचा ‘अंकल बूनमी हू कॅन रिकॉल हिज पास्ट लाइव्ह्ज’ पाहिला. 2010 साली कान महोत्सवात त्याला सर्वोच्च पुरस्कार, पाम द’ओर, मिळाला होता. थाई सिनेमाला तो पहिल्यांदाच मिळाला. नावाजलेला, संथ, अवघड चित्रपट म्हणून मी तो बरीच वर्षं टाळला होता. पहिल्या अर्ध्या तासातच मला रामकुंडाची पायरी दिसली.

बूनमी हा थायलंडच्या ईशान्येकडचा, चिंचेची बाग आणि मधमाश्या सांभाळणारा माणूस. त्याची मूत्रपिंडं निकामी झाली आहेत. रात्री पडवीत तो, मेहुणी जेन आणि भाचा टोंग जेवायला बसलेत. रिकाम्या जागी हळूहळू एक बाई उमटते. कित्येक वर्षांपूर्वी वारलेली त्याची बायको, हुए. पहिल्यांदा दचकतात, मग गप्पा सुरू होतात. तिला तिच्याच अंत्यविधीचे फोटो दाखवतात. थोड्या वेळानं जिन्यावरून केसाळ अंगाचा, लाल डोळ्यांचा एक जीव वर येतो. तो त्यांचा हरवलेला मुलगा. जंगलातल्या माकड-भुताचा माग काढता काढता त्यांच्यातलाच एक झालेला. आई-बाप त्याचं ऐकून घेतात. संगीत चढत नाही, कॅमेरा थरथरत नाही. घरचं माणूस उशिरा घरी आलंय, इतकंच.

त्या प्रदेशाचं नाव ईसान, आपल्या ईशान दिशेवरूनच आलेलं. मूळ थाई शीर्षकात जन्मासाठी ‘चात’ आहे, म्हणजे पालीतला ‘जाति’. आणि बूनमी या नावाचा अर्थ पुण्य असलेला. हे कळल्यावर तो परका चित्रपट मला दूरच्या नात्यातला वाटू लागला. मूळ प्रेरणा ईसानमधल्या एका भिक्षूच्या छोट्या पुस्तकाची. दिग्दर्शकाचे आई-वडील दोघंही डॉक्टर, वडील मूत्रपिंडाच्या विकारानंच गेले, आणि बूनमीच्या खोलीतली औषधोपचाराची साधनं त्या आठवणीतून आली आहेत. आपलं आजारपण कर्मानं आलं, असं बूनमीला वाटतं. आपण फार कम्युनिस्ट मारले, बागेत फार किडे मारले, असं तो मेहुणीला सांगतो. त्याच भागातल्या नाबुआ गावात 1965 साली शेतकरी-कम्युनिस्ट आणि थाई सैन्य यांच्यात गोळीबार झाला होता आणि त्या गावावर दिग्दर्शकानं आधी काम केलं होतं. म्हणजे इथंही गतजन्म नुसता एका माणसाचा नाही, तिथल्या मातीलाही तो आहे.

पण मला हलवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. मेलेली हुए नवऱ्याच्या खोलीत येते आणि त्याच्या पोटाला लावलेली नळी, पिशवी, सगळं शांतपणे, सवयीच्या हातांनी करते. मृत्यूच्या पलीकडून बायको येते आणि पहिलं काम काय करते, तर नवऱ्याचं डायलिसिस! तो तिला मिठी मारतो आणि विचारतो, मेल्यावर तुला कुठं शोधू? ती सांगते, भुतं जागेला बांधलेली नसतात, जिवंत माणसांना बांधलेली असतात.

मी तिथं चित्रपट थांबवला आणि इगतपुरीला फोन केला. बाबांना विचारलं, नऊची घेतली का? म्हणाले, हो, आत्ताच.

दोन्ही चित्रपटांत एक मोठा फरक आहे. ‘मधुमती’त चेहरा तोच राहतो. गीतेत सांगितलंय तसं, कपडे जुने झाले की बदलावेत तसा आत्मा शरीर बदलतो, आणि सिनेमानं तर चेहऱ्यालाही हात लावला नाही, एकाच वैजयंतीमालेला तीन नावं दिली. बूनमीच्या जगात असा आत्मा नाही. दोर तोडून अंधारात पळालेली म्हैस दिसते, व्रणांच्या चेहऱ्याची राजकन्या आणि तिच्याशी बोलणारा पाण्यातला मासा दिसतो, पण यातला बूनमी कोण ते सांगितलं जात नाही. मिलिंद राजाला बौद्ध भिक्खू नागसेनानं दिलेला दाखला मला इथं आठवतो. रात्रभर तेवणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? तीच नाही, आणि दुसरीही नाही.

इगतपुरीत धम्मगिरीचा सोनेरी पॅगोडा आहे, ब्रह्मदेशाच्या घडणीचा. 1976 पासून तिथं विपश्यनेची शिबिरं होतात. आम्ही लहानपणी तिथून जायचो तेव्हा आत काय शिकवतात हे आम्हाला माहीत नव्हतं. आता वाटतं, कुमाऊँचं धुकं आणि इगतपुरीचं धुकं यांना कापून एकत्र जोडणाऱ्या हृषीकेश मुखर्जींनी, तेच संकलक होते, नागसेनाचंच उत्तर दिलं होतं. तेच नाही, दुसरंही नाही. आत्म्याची गोष्ट सांगणारा चित्रपट त्याच्या सांध्यांत मात्र बौद्ध निघाला.

मागच्या आषाढात मी घरी गेले तेव्हा बूनमी बाबांना लॅपटॉपवर दाखवला. म्हशीच्या प्रसंगात ते पेंगले. जेवणाच्या प्रसंगाला जागे झाले आणि हुए उमटली तशी ताठ बसून बघत राहिले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, ‘तिला वाढलं का?’

‘काय?’

‘जेवायला बसलेत ना सगळे. तिला ताट वाढलं का?’

दुसऱ्या दिवशी मुसळधार पाऊस होता, घाटात गाड्या रखडल्या होत्या. बाबांनीच ‘मधुमती’ लावायला सांगितला. बाहेर धुकं एवढं दाट की खिडकीबाहेर काही नव्हतंच. बाबांनी खुर्ची पुढं ओढली. जंगल आलं, आनंद झाडांमधून तिला हाका मारत फिरू लागला. बाबांचा चेहरा वळला, स्वयंपाकघराच्या दाराकडे, हाक मारताना वळायचा तसाच. हाक त्यांनी मारली नाही. पुन्हा पडद्याकडे पाहू लागले. खाली घाटातून एक गाडी चढत होती, पुढचं इंजिन आणि मागचे बँकर, तिघांचे आवाज वेगवेगळे ओळखू येत होते. बाबांनी ते नेहमीप्रमाणे मोजले.

नऊ वाजले तसे ते उठले. वाटीतली गोळी तोंडात टाकली, तांब्यातून पाणी प्यायले, भांडं पालथं घातलं.

‘घेतली गं,’ म्हणाले.

मी मागच्या खोलीत होते, आणि मला माहीत होतं की ते माझ्याशी बोलत नाहीयेत.